चाळीस जीबी

देवदिवाळीला हेरंब कुडाळहून आला,
खिशात पेन ड्राइव्ह.
म्हणाला, काकी, जुनं काढायचं नाही,
नुसती जागा वाटून घ्यायची.
वाटून म्हटल्यावर ह्यांनी पेपरातून मान वर केली.
आमच्याकडे वाटणी म्हणजे
दोन भावांत एक गडगा, तीन माडांचा दावा,
आणि सामाईक विहिरीवर बारा वर्षं अबोला.
नको तो शब्द, हे म्हणाले.
हेरंबनं तरी पाचशेतले चाळीस जीबी तोडून दिले मला,
कुणालाच नको असलेला कडेचा कातळ.

आता बटण दाबलं की काळा पडदा, दोन नावं,
आणि दहापासून उलटी मोजणी.
काही न बोलता बसलं
तर यंत्र आपणहून जुन्याच घरी जातं,
जिथे आंब्याची बिलं, पेट्यांची लेबलं, जीएसटी
आणि तो प्रिंटर.
तीन रात्री मी त्याची मनधरणी केली.
माझ्या बाजूला तो मानच वर करीना.
काही कुत्री एकाच हातचं खातात.

दिवसभर मी तिकडेच असते.
तिकडचं वाईट बोलणार नाही, त्यावर चूल पेटते.
फक्त एकदा तिथून माझ्या चाळीसांकडे पाहायला गेले
तर विचारलं,
ही जागा वापरण्याजोगी नाही, पुसून साफ करू?
आत माझी माशांच्या नावांची यादी होती,
दोनशे सोळापर्यंत आलेली.
'नाही'वर बोट ठेवून मी कितीतरी वेळ बसले.
इकडून तिकडचं सगळं दिसतं.
तिकडून इकडे नुसता पडीक माळ.

घड्याळाचं मात्र दोघांत पटेना.
रात्री मी माझ्या बाजूला बसले
की सकाळी ते साडेपाच तास मागे.
ऐन हंगामात, पहाटे पाचला गाडी दारात
आणि छापलेल्या सगळ्या बिलांवर कालची तारीख.
ह्यांचा आवाज चढला.
मी पेनानं सत्तावीस बिलं दुरुस्त केली.
साडेपाच तास, म्हणजे जवळजवळ एक अख्खी भरती.
बाहेर तारामुंबरीच्या खाडीत पाणी काठाला लागलेलं
आणि पडद्याच्या हिशेबानं अजून कालवं उघडी.
बाबल तांडेल पेट्या चढवता चढवता हसला,
घड्याळाक कित्याक इचारतंस, वैनी?
खाडीक इचार.
मग हेरंबनं फोनवर एक ओळ सांगितली,
ती जशीच्या तशी टाइप केली, घड्याळं जुळली.
खरं सांगू,
थोडं चुकल्यासारखं झालं.

माझ्या बाजूला सगळं मराठीत आहे.
कुणीतरी बसून केलंय, फुकट.
काही शब्द अगदी कचेरीतले, फाइलला म्हणे 'धारिका'.
आणि शेवटच्या बटणावर लिहिलेलं:
'बद करा'.
रोज झोपायच्या आधी दाताखाली खडा.
चौथीत मिठबावकर बाईंनी एका अनुस्वारासाठी
मला मधल्या सुट्टीभर उभं केलं होतं.
म्हणून लिहून पाठवलं, जिथे पाठवायचं असतं तिथे,
हेरंबला विचारत विचारत.
दोन ओळींचं उत्तर आलं. बघतो, आभार.
मग आंब्याला मोहर धरला आणि मी विसरले.

अष्टमीच्या आसपास, लाइट जाऊन आलेली,
काहीतरी नवीन उतरत होतं तासभर,
आमच्याकडे नेट येतं तसं, पायरी पायरीनं.
झोपायला उठले, हात बटणाकडे गेला.
'बंद करा'.
तिळाएवढं टिंब.

ह्यांना उठवून दाखवलं.
डोळे चोळत म्हणाले, काय आहे त्यात?
काही नाही, झोपा.

मग लगेच बंद केलंच नाही.
यादी उघडली, दोनशे सतरावं नाव घातलं,
सकाळी बाबलनं सांगितलेलं, शेंगटी.
टिंब नीट पडलंय ना,
चष्मा पुसून दोनदा पाहिलं.